तोळाभर शिसं

माझ्या कामाच्या टेबलावर एक छोटा तराजू आहे. ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत वजन दाखवतो. त्यावर मी कधीकधी एक चांदीचा रुपया ठेवतो. सातव्या एडवर्डच्या छापाचा, १९०४ सालचा, आईच्या पेटीतून माझ्याकडे आलेला. नवा होता तेव्हा तो बरोबर १८० ग्रेन भरला असणार, म्हणजे एक तोळा. कंपनी सरकारनं १८३३ साली तोळा १८० ग्रेनचा ठरवला आणि रुपयाही त्याच वजनाचा पाडला. हाताळून हाताळून झिजलेला माझा रुपया आता १७८च्या थोडा वर भरतो. तो उचलून तिथं एक गोळी ठेवताना मी मुद्दाम आकड्याकडे बघतो. बोथट नाकाची, बोटाच्या पेराएवढी गोळी, वर तांबूस कवच आणि आत शिसं. आकडा येतो १७५. तोळ्याला पाच ग्रेन कमी.

ही गोळी मला माझ्या जुन्या रायफलीसाठी शोधायला दोन वर्षं लागली. त्या शोधात जे कळलं ते इथं सांगतो आहे.

मी अमेरिकेतल्या ओरेगन राज्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या भागात राहतो. आयुष्यभर टूल-रूममध्ये काम केलं, आधी पिंपरीत आणि मग इथं. निवृत्त झालो त्या वर्षी शेजारच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी आपली रायफल मला विकली. त्यांची नजर गेली होती आणि मुलांना तिच्यात रस नव्हता. माउझरच्या ॲक्शनवर, म्हणजे बोल्टच्या यंत्रणेवर, लंडनमधल्या एका लहानशा कारागिरानं विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बांधलेली ही रायफल. अक्रोडाचा दस्ता, हाताच्या घामानं काळपट झालेला. दुर्बीण नाही. पुढं बारीक माशी, मागं उभं पान, आणि त्यामागं घडी होणारी आणखी दोन पानं, ज्यांवर २०० आणि ३०० यार्डांचे आकडे कोरलेले. नळीवर लिहिलंय ‘.२७५ बोर’. काडतूस मात्र तेच, जे जर्मन लोक ७×५७ म्हणतात.

इथंच पहिली अडचण. नवशिक्या माणूस .२७५ वाचून दुकानात .२७५ व्यासाची गोळी मागतो, आणि ती मिळत नाही. नळीच्या आत पीळ दिलेले आटे असतात. इंग्रज कारागीर दोन आट्यांमधल्या उंचवट्यांवरून माप घ्यायचे, ते ७ मिलिमीटर, म्हणजे .२७५ इंच. अमेरिकन लोक आट्यांच्या खाचांमधलं माप धरतात. गोळीला खाचा भरून काढायच्या असतात, म्हणून तिचा खरा व्यास .२८४. एकाच वस्तूची ही तीन नावं समजायला मला एक संध्याकाळ लागली, आणि शेजाऱ्यांनी तोवर दोनदा कॉफी पाजली.

बंदूक माझ्या घराला परकी नव्हती. आमचं मूळ गाव संगमेश्वर तालुक्यातलं. आजोबांकडे शेतीच्या राखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक होती. रानडुकरं नाचणीत शिरत. पागाच्या जाळ्याला लावतात ते शिसं लोखंडी पळीत वितळवून ते साच्यात गोळ्या ओतायचे. आधी दारू, मग काथ्याचा बोळा, मग गोळी, पुन्हा बोळा आणि गजानं ठासणं. या सगळ्याला आमच्याकडे ‘बार भरणं’ म्हणतात. इथले लोक ज्याला हँडलोडिंग म्हणतात, त्याला माझ्या मनात हाच शब्द आहे. फरक एवढाच की आजोबा नळीच्या तोंडातून भरायचे आणि मी पितळी पुंगळीत भरतो.

वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणत असू, खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत तपासणी विभागात होते. १८६९ साली सुरू झालेला तो कारखाना. तिथल्या पुंगळ्यांच्या बुडावर ‘केएफ’ अशी अक्षरं उमटवलेली असत. दादा कामाबद्दल घरी फार बोलत नसत, पण एक गोष्ट त्यांनी मला पुन्हापुन्हा सांगितली. .३०३ची जी मार्क सात गोळी होती, तिचं वजन १७४ ग्रेन. तिच्या कवचाच्या टोकात शिसं नसायचं, ॲल्युमिनियम भरलेलं असायचं, टंचाईच्या दिवसांत लाकूड किंवा कागदाचा लगदासुद्धा. त्यामुळं गोळीचं वजन बुडाकडे जायचं. ‘गोळी दिसते एक आणि वागते दुसरी,’ असं दादा म्हणायचे. ‘तिच्या पोटात काय आहे ते विचार.’ गोळी निवडताना हेच वाक्य माझ्या कानात होतं.

७×५७चा जन्म १८९२चा. पॉल माउझर यांच्या ओबर्नडॉर्फच्या कारखान्यात तो झाला, आणि स्पेननं १८९३ साली आपल्या सैन्यासाठी तो पत्करला. त्यातली मूळ गोळी ११.२ ग्रॅमची, म्हणजे १७३ ग्रेन. लांब, गोल नाकाची, सगळ्या बाजूंनी कवचात झाकलेली. वेग सेकंदाला सुमारे २३०० फूट. आज हा वेग मध्यम वाटतो. पण त्याआधीच्या पिढीच्या बंदुकीतली शिशाची जाडजूड गोळी सेकंदाला १३००-१४०० फुटांनी जायची आणि तोफेसारखा धूर सोडायची. १ जुलै १८९८ रोजी क्यूबातल्या सान ह्वान टेकडीवर मूठभर स्पॅनिश शिपायांनी याच काडतुसानं अमेरिकन सैन्याला दिवसभर रोखून धरलं. त्या दिवशीच्या लढायांत मेलेले आणि जखमी झालेले अमेरिकन मिळून हजाराच्या वर गेले. पुढच्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत बोअर शेतकऱ्यांच्या हातात हीच माउझर होती. इंग्रजांना तिचा एवढा धाक बसला की आपली .३०३ बदलून .२७६ची रायफल आणण्याचे प्रयोग त्यांनी १९१३ साली केले. महायुद्ध सुरू झालं आणि ते प्रयोग तिथंच राहिले.

लंडनच्या रिग्बी या जुन्या घराण्याचे जॉन रिग्बी १८८७ ते १८९४ एनफिल्डच्या सरकारी कारखान्याचे प्रमुख होते. .३०३ घडत होती तेव्हा ते तिथंच होते. खुर्ची सोडल्यावर त्यांनी माउझरशी करार केला आणि जर्मन ॲक्शनवर इंग्रजी शिकारी रायफली बांधायला सुरुवात केली. जर्मन काडतुसाला .२७५ रिग्बी हे इंग्रजी नाव त्यांच्याच दुकानानं दिलं. हिंदुस्थानात या नावाची रायफल खपायला आणखी एक कारण होतं, आणि ते कायद्याचं होतं. १९०७च्या सुमारास सरकारनं .४५० बोरच्या शिकारी रायफली हिंदुस्थानात आणायला बंदी केली. बंडखोरांच्या हाती पडलेल्या जुन्या मार्टिनी-हेन्री बंदुकांना त्या गोळ्या चालतील ही भीती. म्हणून मग .४६५, .४७०, .४७५ अशी चमत्कारिक मापं जन्माला आली. सैन्याच्या .३०३वरही अशीच करडी नजर होती. ७ मिलिमीटर मात्र ब्रिटिश सैन्यात नव्हती, त्यामुळं साहेब, संस्थानिक आणि चहामळेवाले यांना ती बिनघोर बाळगता येत असे. स्वातंत्र्यानंतरही आपल्याकडची ‘प्रतिबंधित बोर’, म्हणजे सैनिकी मापाची बंदूक सामान्य माणसाला बाळगू न देणं, ही कल्पना त्याच भीतीतून चालत आली आहे. इशापूरची .३१५ रायफल ही त्याच कल्पनेची लेक.

आता गोळीच्या पोटाबद्दल. पूर्ण कवचाची गोळी कागदावर आणि खंदकावर उत्तम. जनावरावर ती सुईसारखी आरपार जाते आणि जनावर चालत राहतं. हे माणसांच्या बाबतीतही घडलं. १८९५च्या चित्रळ मोहिमेत इंग्रजांनी तक्रार केली की .३०३ची नवी गोळी लागूनही पठाण धावत येतात. तेव्हा कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले यांनी गोळीच्या टोकावरचं कवच थोडं काढून आतलं शिसं उघडं केलं. लागताच शिसं फुलतं, कवच पाकळ्यांसारखं उलगडतं. १८९७च्या तिराहच्या लढाईत ती गोळी वापरली गेली आणि ‘डमडम’ हा शब्द जगभर गेला. १८९९ साली हेगच्या परिषदेनं युद्धात फुलणारी गोळी वापरायला मनाई केली. ती मनाई योग्यच होती, असं माझं ठाम मत आहे.

पण शिकारीत नियम उलटा आहे. इथं ओरेगनमध्ये हरणावर न फुलणारी पूर्ण कवचाची गोळी वापरणं बेकायदा आहे, कारण तिनं जनावर लगेच मरत नाही. तळमळत राहतं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या शिकाऱ्यांना हे कळत होतं, आणि ज्यांना नरम टोकाची गोळी मिळत नव्हती ते सैनिकी गोळीचं टोक कानशीनं घासायचे. हे काम जिवावर बेतणारं होतं. पूर्ण कवचाच्या गोळीचं कवच बुडाशी उघडं असतं. टोकही उघडं केलं की दोन्हीकडून भोक. दारूचा दाब शिशाला पुढं ढकलून बाहेर फेकतो आणि रिकामं कवच नळीत अडकून राहतं. पुढचा बार झाला की नळी फुटते. कोणाच्या घरी घासलेल्या टोकाची जुनी काडतुसं असतील तर हे वाक्य दोनदा वाचावं.

या .२७५ काडतुसाशी दोन नावं जोडलेली आहेत. एक डब्ल्यू. डी. एम. बेल. स्कॉटलंडचा हा माणूस आफ्रिकेत करामोजाच्या मुलखात हस्तिदंतासाठी फिरला आणि त्यानं हजाराहून अधिक हत्ती मारले. त्यातले सुमारे आठशे याच .२७५नं, १७३ ग्रेनच्या पूर्ण कवचाच्या सैनिकी गोळीनं. त्यानं हत्तीचं डोकं करवतीनं कापून मेंदू नेमका कुठं असतो ते पाहून घेतलं होतं. हत्तीच्या कवटीत फूटभर हाड आणि पोकळ्यांमधून सरळ जायला लांब, न फुलणारी गोळीच हवी. हजार हत्ती मारण्याबद्दल मला कौतुक नाही, वाईट वाटतं. पण त्याच्या हिशोबातून एक गोष्ट पक्की होते. बारीक गोळी सरळ जाते ती तिच्या लांबीमुळं, म्हणजेच व्यासाच्या मानानं वजनामुळं.

दुसरं नाव सांगायला नको, मराठी वाचकाला ते घरचं आहे. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला १९०७ साली मारल्याबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जे. पी. ह्यूएट यांनी जिम कॉर्बेट यांना .२७५ रिग्बी भेट दिली. दस्त्यावर चांदीची पट्टी, तिच्यावर हा मजकूर कोरलेला. म्हणजे चंपावतची वाघीण या रायफलीनं मेलेली नाही. तेव्हा कॉर्बेटांकडे .५००ची रायफल आणि तीनच काडतुसं होती, आणि शेवटचा बार तहसीलदाराच्या जुनाट बंदुकीचा. रुद्रप्रयागचा बिबट्या मात्र १९२६च्या मे महिन्यात, रात्रीच्या काळोखात, या .२७५नं मेला. पायी डोंगर चढणाऱ्या माणसाला हलकी रायफल आणि खिशात मावणारी काडतुसं लागतात. पुढं कॉर्बेट केनियाला गेले. त्यांचं पहिलं गाजलेलं पुस्तक १९४४ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या मुंबई शाखेनं काढलं होतं, आणि त्यांच्या पश्चात ही रायफल त्याच प्रकाशनसंस्थेकडे राहिली. आता ती रिग्बींकडे परत आली आहे. २०१६ साली त्यांनी ती कुमाऊंत नेऊन लोकांना दाखवली. मी तिची छायाचित्रं भिंग लावून पाहिली आहेत. दस्ता माझ्या रायफलीसारखाच काळवंडलेला.

मधल्या काळात गोळीचं नाक बदललं. फ्रेंचांनी १८९८ साली टोकदार गोळी काढली, जर्मनांनी १९०५पर्यंत आपली. टोकदार गोळी हवा कापत जाते, वजन कमी केलं तर वेगही वाढतो. शिकारी रायफलवाल्यांनाही तेच हवं झालं. रिग्बींनी .२७५साठी १४० ग्रेनची टोकदार गोळी आणली, वेग सेकंदाला २७००च्या वर. पाऊण तोळ्याला पाच ग्रेन जास्त. आणि म्हणून जुन्या .२७५ रायफली दोन जातीच्या आहेत. काही जड गोळीसाठी साधलेल्या, काही हलक्या गोळीसाठी. वरून दोन्ही सारख्याच दिसतात.

माझी कोणत्या जातीची? हे सांगणारा कागद शेजाऱ्यांकडे नव्हता. त्यांनी तिच्यात तीस वर्षं दुकानातून आणलेली १४० ग्रेनची काडतुसं वापरली होती आणि तीस वर्षं ते माशी थोडी वर धरत आले होते. ‘सवय झाली होती,’ म्हणाले.

मी पहिल्या वर्षी तेच केलं. हलकी, टोकदार, जलद जाणारी गोळी स्वतः भरली. ऑक्टोबरात एका म्यूल हरणाला सत्तर यार्डांवरून ती लागली, खांद्याच्या हाडावर. गोळी हाडावरच फुटून तिचे तुकडे झाले. आत पुरेसं काही गेलं नाही. हरिण उठलं आणि सेजच्या झुडपांतून गेलं. मी आणि माझा मुलगा अंधार पडेपर्यंत आणि दुसऱ्या दिवशी पहाटेपासून माग काढत होतो. साडेदहाला सापडलं, तेव्हा जिवंत होतं. त्याचे डोळे मी विसरलेलो नाही. गोळीच्या कारखान्याचा दोष नव्हता. ती गोळी लांबच्या अंतरासाठी होती आणि निवड माझी होती.

ही चूक माझ्या आधी पुष्कळांनी केली आहे. १९४६ साली जॉन नोस्लर नावाचा शिकारी ब्रिटिश कोलंबियात मूस नावाच्या हरणाच्या शिकारीला गेला होता. चिखलानं माखलेल्या मोठ्या नर मूसवर जवळून झाडलेल्या त्याच्या वेगवान गोळ्या वरच फुटल्या. घरी येऊन त्यानं गोळीच्या मधोमध तांब्याच्या धातूची आडवी भिंत ठेवली. पुढच्या कप्प्यातलं शिसं फुलावं, मागच्या कप्प्यातलं भिंतीमुळं तसंच राहून आत जावं. उभी कापली तर ही गोळी इंग्रजी ‘एच’ अक्षरासारखी दिसते. १९४८ साली त्यानं ओरेगनमध्येच कारखाना काढला. आज तो बेंडला आहे. त्या गोळ्यांचं काम मी टूल-रूमच्या माणसाच्या नजरेनं पाहतो आणि समाधान वाटतं.

ते दिवसच तसे होते. दुसऱ्या महायुद्धात गोळ्यांची टंचाई झाली तेव्हा आयडाहोच्या लुइस्टनमध्ये व्हर्नन स्पीअर यांनी .२२च्या वापरलेल्या पुंगळ्यांपासून गोळीची कवचं बनवली. कॅलिफोर्नियाच्या ओरोव्हिलमध्ये फ्रेड हंटिंग्टन यांनी वडिलांच्या लाँड्रीच्या मागल्या खोलीत १९४३ साली तशाच कवचांसाठी दाबयंत्र तयार केलं. आज घरी बार भरणाऱ्या कितीतरी अमेरिकनांच्या टेबलावर त्यांच्या कंपनीचं हिरवं यंत्र दिसतं. माझ्याही आहे. युद्ध संपल्यावर कॅन्ससमध्ये ब्रूस हॉजडन यांनी सैन्याची उरलेली दारू पिंपांनी विकत घेतली आणि किरकोळ विकायला काढली. या लोकांमुळं जुन्या रायफली जगल्या. कारण तिकडे ब्रिटनमध्ये किनॉक कंपनीनं १९७०च्या सुमारास मोठ्या जुन्या बोरांची काडतुसं करणं थांबवलं होतं, आणि आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्यानं शिकारच संपली, जी संपायलाच हवी होती. ऑस्ट्रेलियात जेफ मॅकडॉनल्ड यांनी वूडलीच्या नावानं नेमक्या जुन्या वजनाच्या, जुन्या नाकाच्या गोळ्या पुन्हा पाडल्या नसत्या, तर इंग्रजी कारागिरांचं निम्मं काम आज भिंतीवर टांगून राहिलं असतं.

हरणाच्या त्या प्रसंगानंतर हिवाळाभर मी रायफल झाडली नाही. ती मोजली.

पहिलं काम नळीच्या आतला व्यास. निव्वळ मऊ शिशाची एक गोळी तेल लावून नळीत घातली आणि पितळी सळईनं हळूहळू ठोकत आरपार काढली. शिसं आट्यांचा ठसा घेतं. मायक्रोमीटरनं मोजलं, .२८५. म्हणजे .२८४ची गोळी चालेल, किंचित सैल. दुसरं काम पीळ. सफाईच्या सळईला घट्ट चिंधी बांधून नळीत ढकलली आणि सळई एक फेरा फिरेपर्यंत किती आत गेली ते खूण करून मोजलं. पावणेनऊ इंचांच्या जरा आत. २२० मिलिमीटर हे माउझरचं मूळ माप. एवढा घट्ट पीळ लांब, जड गोळीला स्थिर ठेवण्यासाठी देतात. हलक्या गोळीला त्याची गरज नसते. तिसरं काम सगळ्यांत बोलकं. पुंगळीच्या तोंडाशी आट्यांना भिडेपर्यंत गोळीला जी मोकळी जागा असते ती किती? पुंगळीची मान किंचित चिरून त्यात गोळी सैल बसवली, नळीच्या मागच्या खोलीत (चेंबरमध्ये) घालून बोल्ट लावला, अलगद काढलं आणि लांबी मोजली. १४० ग्रेनची टोकदार गोळी पुंगळीतून जवळजवळ निसटायला आली तरी आट्यांपर्यंत पोचत नव्हती. १७५ ग्रेनची गोल नाकाची घातली, तर पुंगळीनं तिला घट्ट धरलेलं असतानाच तिचा खांदा आट्यांच्या अगदी जवळ गेला.

शंभर वर्षांपूर्वी लंडनच्या त्या कारागिरानं हत्यार फिरवून जी जागा कोरली होती, ती या गोळीच्या आकाराची होती. मी टूल-रूममध्ये चाळीस वर्षं साचे केले. साचा पाहून आतली वस्तू ओळखणं हे माझं काम होतं. तरी ही गोष्ट कळायला मला एक हरिण वाया घालवावं लागलं, याचं दुःख आहे.

मार्चमध्ये मैदानावर गेलो. तीन प्रकारच्या गोळ्या भरल्या होत्या: १४०ची टोकदार, १५०ची सबंध तांब्याची आणि १७५ची गोल नाकाची. शंभर यार्डांवर, बसून, उभ्या पानाची खाच आणि माशी जुळवून प्रत्येकी पाच बार. १४०च्या गोळ्या केंद्राच्या पाच इंच खाली गेल्या. शेजारी तीस वर्षं माशी वर का धरत होते ते कळलं. १५०च्या चार इंच खाली आणि पसरट. १७५च्या पाचही केंद्राभोवती तीन इंचांत. दुर्बीण नसलेल्या रायफलीला आणि माझ्या डोळ्यांना हे पुष्कळ. मग घडीचं पान उभं करून दोनशे यार्डांवर झाडली. कोरलेला आकडा खरा निघाला.

दारू किती आणि कोणती भरली ते मी इथं लिहीत नाही. जुन्या माउझरांचं पोलाद एकसारखं नसतं. १८९३-९५च्या ॲक्शनी १८९८च्या ॲक्शनीपेक्षा नाजूक असतात आणि एकीला सोसणारा दाब दुसरीला सोसत नाही. छापील पुस्तकातल्या सर्वांत खालच्या आकड्यापासून मी सुरुवात केली आणि पहिला समाधानकारक बार मिळताच थांबलो. मूळ काडतुसाच्या वेगापुढं जायची मला गरज नाही. ती रायफल माझ्यापेक्षा साठ वर्षांनी मोठी आहे.

शिशाचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. फुलणाऱ्या गोळीतून शिशाचे बारीक कण मांसात पसरतात, क्ष-किरणांच्या चित्रात ते दिसतात. रानात टाकलेली आतडी काँडर गिधाडं खातात आणि विषबाधेनं मरतात. डायक्लोफेनॅकनं आपली गिधाडं गेली ते पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. कॅलिफोर्नियानं १ जुलै २०१९पासून शिकारीत शिशाची गोळी पूर्ण बंद केली. ओरेगनमध्ये तशी बंदी नाही. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळं त्याच वजनाची तांब्याची गोळी जास्त लांब होते, आणि १७५ ग्रेनची गोल नाकाची तांब्याची गोळी या रायफलीसाठी मला अजून कुणाकडे मिळालेली नाही. तोवर मी जखमेभोवतीचं वीतभर मांस कापून टाकतो आणि आतडी खोल पुरतो. हा उपाय अर्धा आहे. तांब्याची योग्य गोळी मिळाली त्या दिवशी शिसं सोडीन.

महाराष्ट्रातल्या वाचकांना एक विनंती आहे. जुन्या वाड्यांत, माळ्यावर, आजोबांच्या ट्रंकेत अजून किनॉकच्या लाल-पिवळ्या खोक्यांतली किंवा खडकीची काडतुसं सापडतात. ती झाडून पाहू नका. जुन्या कॅपमधलं रसायन आणि आतली कॉर्डाइट दारू कशी वागेल याचा भरवसा नाही. ती उघडू नका आणि भरू तर मुळीच नका, आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस तयार करणं हा गुन्हा आहे. जवळच्या पोलीस ठाण्यात कळवून जमा करा. पण त्याआधी हात न लावता पुंगळीच्या बुडावरच्या अक्षरांचा आणि खोक्यावरच्या मजकुराचा स्पष्ट फोटो काढून ठेवा. गोळीचं वजन त्या खोक्यावर अनेकदा ग्रेनमध्ये छापलेलं असतं. रायफल विकली गेली, खोकं फेकलं गेलं, की तो आकडा कुठंच उरत नाही.